‘तू पानी म्हनला म्हनून मी पानी लिहिलं!’ : पोरांच्या रेकॉर्डिंगवर वर्ग चालवताना

पांझराकाठ

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट ४१. मॅडम पहिली-दुसरी बघतात, तिसरी-चौथी माझ्याकडे. मॅडम प्रशिक्षणाला गेल्या की चारही वर्ग माझ्या अंगावर. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एका वर्गाला फळ्यावरचं लिहायला बसवावं, तोवर दुसरा वर्ग खिडकीतून बकऱ्या मोजतोय.

गेल्या जुलैत अशाच एका दिवशी नाइलाज म्हणून चौथीच्या चार पोरींच्या हातात माझा जुना मोबाईल दिला, व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं, पहिलीच्या पुस्तकातली एक गोष्ट आवाजात भरून आणा. पाच मिनिटांचं काम. पोरींनी पाऊण तास घेतला. मी आतून दोनदा ओरडलो. मग फाइल ऐकली नि गप्प बसलो. पान उलटायची वेळ आली की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवलेला. मधेच थांबून आमच्या अहिराणीत प्रश्न, "आते चित्रमा दखा, माकड कोठे बसेल शे?" आणि त्यानंतर मुद्दाम सोडलेली शांतता, पहिलीच्या पोरांनी उत्तर द्यावं म्हणून. यातलं मी काहीही शिकवलेलं नव्हतं.

भजनाचा मेमरी कार्डवाला स्पीकर असतो ना, तो पहिलीसमोर ठेवला. पोरं पुस्तकात बोट ठेवून बसली. पेला वाजला की पान उलटतात! तेवढ्यात माझी तिसरीची हातच्याची वजाबाकी उरकली.

पण माझं डोकं चालू झालं ते रात्री, मोबाईल तपासताना. त्यात अकरा फाइली होत्या. पोरींनी तीच गोष्ट अकरा वेळा वाचली होती. ऐकायची, नाक मुरडायचं, पुन्हा वाचायचं. याच पोरी मी "परत वाच" म्हटलं की पुस्तकामागे तोंड लपवतात. मी सांगितल्यावर दुसऱ्यांदा न वाचणारी पोर स्वतःचा आवाज ऐकून अकराव्यांदा वाचते, यात माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीवर काहीतरी टीका आहे असं मला तेव्हापासून वाटतंय.

आता श्रुतलेखनाची गंमत. श्रुतलेखन मी घालायचं सोडलं. दर शनिवारी एक जण घरून दहा शब्द भरून आणतो, बाकीचे ऐकून लिहितात, आणि तपासायचंही त्यानेच. एका पोराने आणलेले शब्द होते पाणी, बाण, शाळा, केळी, डोळे वगैरे. स्पीकरमधून आलं पानी, बान, शाया, केयी, डोया. अर्ध्या वर्गाने तसंच लिहिलं. हा पठ्ठ्या लाल पेन घेऊन सगळ्यांना काट मारत सुटला. मग जी जुंपली! "तू पानी म्हनला म्हनून मी पानी लिहिलं!" तो म्हणे, मी पाणीच म्हनलो. तीन वेळा वाजवलं. तिन्ही वेळा पानी. पोरगं स्पीकरला कान लावून बसलं, आणि शेवटी काय म्हणावं?

"सर, मोबाईलले ण ऐकू येत नही."

हसून झाल्यावर त्याने पुन्हा भरलं. जीभ वर वळवायची, टाळूला लावायची, सोडायची. सात वेळा. सातव्या वेळी ‘ण’ निघाला तेव्हा त्याने स्वतःच टाळ्या वाजवल्या. पण एका पोरीने विचारलं, मग माझी आजी पानी म्हणते ते चूक का? मी म्हटलं, नाही, आजीचं घरचं बरोबर, पुस्तकाचं पुस्तकात बरोबर. आता भिंतीवर दोन रकाने आहेत, ‘घरनं’ आणि ‘पुस्तकनं’.

अडचणी दोन. आमची शाळा पत्र्याची आहे, आवाज हौदात बसून बोलल्यासारखा येतो. आणि मार्क द्यायचे का नाही, हे ठरत नाहीये. कोणी असं काही केलं असेल तर लिहा.

दादरची_भाकर

"मोबाईलले ण ऐकू येत नही." हाहाहा. सर, हा पोऱ्या पुढे पुढारी होणार, लिहून ठेवा. धागा वाचनखुणेत टाकलाय, उद्या आमच्या मुख्याध्यापकांना वाचून दाखवतो.

टेपरेकॉर्डर

पत्र्याच्या खोलीचं उत्तर सोपं आहे आणि फुकट आहे : गोधडी. मी काही वर्षं आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर हंगामी निवेदक होतो, तिथे भिंती मुद्दाम आवाज पिणाऱ्या केलेल्या असतात. तुमच्याकडे ते काम गोधडी करेल. कोपऱ्यात दोन बाकडी उभी करा, त्यावर दोन जाड गोधड्या टाका, पोराला त्या कोनात तोंड करून बसवा, म्हणजे त्याचा आवाज गोधडीवर आदळेल, भिंतीवर नाही. घरी कपाशीचे गठ्ठे पडलेले असतील त्या दिवसांत तर त्याच खोलीत रेकॉर्ड करायला सांगा, त्याहून चांगला स्टुडिओ धुळ्यातही मिळायचा नाही. पाऊस पत्र्यावर पडत असेल तर मात्र नाद सोडा.

मोबाईल तोंडासमोर धरू नका. एक वीत अंतरावर आणि गालाच्या बाजूला. समोर धरला की प, फ, भ म्हणताना हवेचा झोत माइकवर बसतो आणि ‘भप्’ असा दणका येतो. पंखा बंद. फोन विमान मोडवर, नाहीतर गोष्टीच्या मधेच कोणाच्या तरी मामाचा कॉल. सुरुवातीला पाच सेकंद कोणी काही बोलायचं नाही. ती शांतता पुढे ऑडॅसिटीत उपयोगी पडते. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला ती रिकामी खोली ऐकवली की तो घूं आवाज बऱ्यापैकी काढून टाकतो. जास्त काढायला जाऊ नका, पोरं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात.

फाइलीचं : ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एकमार्गी वेव्ह फाइल मिनिटाला पाच एमबीच्या थोडी वर जाते. तीच ६४ केबीपीएसची एमपी३ केली तर अर्धा एमबीसुद्धा नाही. म्हणजे तुमची ४१ पोरं दोन-दोन मिनिटं बोलली तरी ४० एमबीच्या आत काम. माणसाच्या बोलण्याला तेवढं पुष्कळ. व्हॉट्सअ‍ॅपने एकमेकांना पाठवलेलं मूळ समजून जपू नका, तो त्याच्या सोयीने आवळतो. आणि कृपा करून फाइलींना नावं द्या. ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ मध्ये काय आहे हे मार्चमध्ये देवालाही सांगता येणार नाही. तारीख आणि हजेरी क्रमांक, बस.

अवांतर : पोरं पहिल्यांदा ऐकल्यावर "हा माझा आवाज नाही" म्हणाली असतील. सगळेच म्हणतात, मीही म्हणालो होतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला कानातून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खर्जाचा भाग जास्त पोचवतात. रेकॉर्डिंगमध्ये हाडं गेली, राहिला तो हवेतला आवाज. म्हणून पातळ, परका वाटतो. हे विज्ञान म्हणून शिकवा, चौथीला कळतं. कानात बोटं घालून गुणगुणायला लावा.

शिस्तीचा_माणूस

सगळं गोड आहे, पण थोडं कडू बोलतो. भिंतीवर ‘घरनं’ रकाना लावून काय साधलं? पुढे शिष्यवृत्ती परीक्षा आहे, नवोदयची आहे, तिथे ‘शाया’ लिहून चालणार आहे का? माझ्या पिढीला मास्तरांनी छडी मारून ‘ण’ शिकवला आणि त्याच जोरावर आम्ही पुण्यात टिकलो. पोरांना बोलीत गोंजारायचं आणि मग प्रमाण भाषेच्या मैदानात सोडायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. खेड्यातल्या पोराला आधीच इतकं मागे पडावं लागतं.

दुसरं, या ‘उपक्रमा’चा उद्या आदेश निघेल. प्रत्येक पोराची फाइल अपलोड करा, लिंक भरा, फोटो टाका. मास्तर शिकवणार कधी?

आसोद्याची_वाट

दुसऱ्या परिच्छेदाला हजार वेळा अनुमोदन. पहिल्याला नाही. तुमच्या छडीने ‘ण’ आला, आणि त्यासोबत वर्गात तोंड न उघडायची सवयही आली, ती पुण्यात दिसली नसेल इतकंच. वरच्या गोष्टीत पोराला ‘ण’ आलाच ना, तोही कोणी न मारता, सात वेळा स्वतःहून घासून.

आणि बोलीचं म्हणाल तर जिच्या नावाने २०१८ पासून आपलं जळगावचं विद्यापीठ ओळखलं जातं, त्या बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या रचायच्या, मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ उतरवून घ्यायचे. म्हणून १९५२ मध्ये त्या कविता छापून आल्या. आज तुमच्या पोरीने आजीसमोर मोबाईल धरला तर ती तेच उतरवून घ्यायचं काम करतेय.

एक दुरुस्तीही, कारण ही चूक दरवेळी होते आणि या धाग्यावरही कोणीतरी करणारच. बहिणाबाईंची भाषा अहिराणी नव्हे. ती आमच्या जळगावकडची लेवा बोली. ‘डोया’, ‘काया’ दोन्हीकडे ऐकू येतं, म्हणून लोक एकच समजतात. पांझराकाठ, तुमच्या पोरांचं ‘शे’ आणि ‘ऱ्हायना’ आमच्या आसोदा-भादलीत बोलून बघा, पाहुणे कुठले म्हणून विचारतील.

दादरची_भाकर

मी तीच चूक करायला टायपत होतो, पुसलं. धन्यवाद भो.

मोलगी_घाट

आमच्याकडचं सांगतो, अक्कलकुवा-धडगाव भागातलं. तुमच्याकडे निदान पानी आणि पाणी जवळजवळ आहेत. आमच्या पहिलीच्या पोराला घरी पावरी किंवा भिलोरी, आणि शाळेत एकदम मराठी, म्हणजे त्याच्यासाठी परकी भाषाच. २०२० च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवा असं लिहिलंय. पण मी नाशिककडचा, मला पावरी कोण शिकवणार? शेवटी पोरांनीच शिकवली.

तिसरी-चौथीची पोरं एक शब्द आधी पावरीत म्हणतात, मग मराठीत, मग त्या वस्तूचा आवाज असेल तर तोही. कोंबडी तीनदा : त्यांची, माझी आणि खरी. असे चारशेच्या आसपास शब्द जमलेत. नवीन पोरगं आलं की पहिले आठ दिवस त्याच्या सोबतीला हाच बोलका कोश. आणि प्रामाणिकपणे सांगतो, मीही गाडीवर घाट चढताना कानात तोच लावतो. माझे उच्चार ऐकून पोरं लोळतात. एकदा त्यांनी मला रेकॉर्ड केलं आणि लाल पेन घेऊन तपासलं. दहापैकी तीन.

नेटवर्कचं म्हणाल तर आमच्याकडे टेकडीवर जावं लागतं, म्हणून सगळं ब्लूटूथने नाहीतर मेमरी कार्डने चालतं.

खरा उपयोग दिवाळीनंतर झाला. निम्म्याअधिक पोरांचे आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पोरंही तिथे कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर जातात. हजेरीपटावर नाव, वर्गात जागा रिकामी. या वेळी जाणाऱ्यांच्या बापाच्या फोनमध्ये कार्डावर गोष्टी, पाढे, आमचा कोश सगळं घालून दिलं, राहिलेल्या पोरांच्या आवाजात. माझ्या आवाजात मुद्दाम नाही दिलं. जानेवारीत बापाबरोबर एक कार्ड परत आलं. त्यात पोरीने सतराचा पाढा भरला होता, मागे बैलाच्या घुंगरांचा आणि ट्रॅक्टरचा आवाज. सतरा सत्ते एकशे एकोणीसला अडखळली, थांबली, कोणाला तरी विचारलं, पुढे गेली. मी ते वर्गात लावलं. तिची शेजारीण एवढंच म्हणाली, "ती आहे ना अजून."

चौथीची_आई

मी शिक्षिका नाही, शहाद्याची आहे, पालक म्हणून वाचतेय. उपक्रम छान आहे सर, पण हे आवाज जातात कुठे? माझ्या मुलीच्या शाळेत एका शिक्षकांनी मुलांच्या वाचनाच्या क्लिपा सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकल्या. माझी मुलगी अडखळते. तिच्या क्लिपखाली कोणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. तिने आठ दिवस शाळेत वाचलं नाही, घरीही नाही. शाळेचं नाव घेत नाही, मला भांडायचं नाहीये. पण २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं आहे, आणि आवाज ही माहितीच झाली ना? आम्हाला कोणी विचारलंच नाही.

पांझराकाठ

ताई, तुम्ही माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मीही गाढवपणा केलाय, इथे कबूल करतो.

चौथीला काम दिलं होतं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बहात्तरच्या दुष्काळाचं विचारा. एका पोरीची आजी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. काय बोलली म्हणून सांगू! कामावर खडी फोडायची, बोटं फुटायची, दुपारी सुकडी वाटायचे ती ओच्यात बांधून धाकट्या भावासाठी घरी न्यायची. रेशनवरची लाल मिलो ज्वारी. "मिलोनी भाकर घसाखाले उतरे नही, पन भूकले काय समजस?" मी दोन मिनिटं ऐकलं, अंगावर काटा आला, आणि सहा मिनिटांची ती फाइल तशीच्या तशी गावच्या ग्रुपवर टाकून दिली.

चौथ्या मिनिटाला आजीने त्याच साली कोणत्या भाऊबंदाने बांध कोरला, ते नावानिशी सांगितलं होतं.

संध्याकाळी दोन माणसं माझ्या दारात. आजीच्या घरी वेगळा तमाशा. पोरगी दोन दिवस शाळेत आली नाही. मी दोन्ही घरी जाऊन हात जोडले, फाइल काढली, पण तोवर कोणाकोणाच्या फोनमध्ये गेली असेल कोण जाणे. तेव्हापासून नियम केलाय : शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय काही वाजवायचं नाही, वर्गाबाहेर काही जाणार नाही, आणि ज्याचा आवाज त्याला आधी ऐकवायचं. पालकांच्या सह्या जूनमध्येच घेतो आता. फाइलीवर नाव नाही, नुसता क्रमांक.

आणि शिस्तीचा_माणूस, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याची धास्ती मलाही आहे. म्हणून वरती कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका!

निवृत्त_गुरुजी

उशिरा वाचलं. मार्कांचं विचारलंत म्हणून लिहितो. देऊ नका.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये आलं, त्यात तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्टात ‘समजून’ हा शब्द आहे, पण घड्याळ हातात आलं की तो गळतो. मी शेवटच्या वर्षी पाहिलं, पोरं आगगाडीसारखी वाचायला लागली होती. त्यापेक्षा भरून घ्या आणि पोर वाक्य कुठे तोडतं ते ऐका. माझ्याकडे एकाने "राजाने प्रधानाला बोलावले" हे वाचलं "राजाने प्रधा... नाला बोलावले". मोजलं तर शब्द बरोबर, वेळ बरोबर. मी काही बोललो नाही, त्यालाच ऐकवलं. ऐकता ऐकता त्याचे डोळे मोठे झाले, "सर, मी नाल्याला बोलावलं!" मार्क दिले असते तर दहापैकी आठ मिळून तो पोरगा जन्मभर नाल्यालाच बोलवत राहिला असता.

जपून ठेवायचं असेल तर प्रत्येकाचं जूनचं एक आणि मार्चचं एक, एवढंच ठेवा. बाकी पोरांसमोर पुसा. पुसायचंय हे माहीत असलं की पोर मोकळं बोलतं.

आणि नवीन म्हणून कोणी मिरवू नये, आपल्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतः हाताने लिहून दैनिक काढायचे. साधन हाताशी असेल ते. तेव्हा दौत-टाक होता.

शिस्तीचा_माणूस

नाल्याचं पटलं. ‘घरनं’चं अजून नाही पटलं. पण माझ्या आईला विचारलं, तिने ‘पाणी’ म्हणून दाखवलं. ८१ वर्षं. भरून ठेवलंय.

टेपरेकॉर्डर

पांझराकाठ, तो बांधाचा भाग नुसता कापू नका, कापला की वाक्य उडी मारतं आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी होतं. नाव येतं तेवढाच तुकडा निवडून त्या जागी शांतता भरा. नाहीतर त्याच खोलीतला रिकामा आवाज चिकटवा. पाच सेकंद सोडायला सांगितलं होतं ते याचसाठी.

पांझराकाठ

केलं दादा तसंच. काल आजीकडे स्पीकर घेऊन गेलो, म्हटलं आधी तुम्ही ऐका. पदर डोळ्याला लावून सगळं ऐकलं. गेलेल्या धाकट्या भावाचं नाव आलं तिथे मला थांबवून ते दोनदा लावायला लावलं. मग बांधाची जागा आली, तिथे शांतता.

"मास्तर, आठे काय व्हतं?"

म्हटलं, आजी, ते भाऊबंदाचं नाव काढलंय, तुम्हीच म्हणाला होतात.

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाव काढं ते बरं करं. पन बांध कोरा व्हता, हाई ऱ्हाऊ दे."

तेवढं पुन्हा जोडायला बसलोय. मूळ फाइल कुठे ठेवली तेच सापडत नाहीये. ‘नवीन रेकॉर्डिंग’ काहीतरी आहे.